धुपकरबाईंच्या यादीतली गाळलेली ओळ

ॲड. वासंती धुपकर यांची आणि माझी पहिली भेट अंधेरी पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत झाली. तेच त्यांचं कार्यालय होतं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि फायलींवर पिठाचा पातळ थर बसायचा. वकिलीची सनद हातात घेऊन मी मोठ्या रुबाबात आत गेलो, तर बाईंनी मान वर न करता एक कोरा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं की, तुझ्या स्वतःच्या मालकीचं जे जे काही आहे त्याची यादी कर. मला वाटलं, ही काहीतरी हुशारीची परीक्षा असेल. मी एक मोबाइल, चार शर्ट, पुस्तकं आणि बँकेतलं खातं असं लिहून पाच मिनिटांत कागद परत दिला.

बाईंनी तो वाचला. मग विचारलं की, पायातल्या चपला कुणाच्या? मी म्हटलं, माझ्या. मग त्या इथे का नाहीत? मी चपला लिहिल्या. बोटातली अंगठी? ती आईने दिली आहे, असं मी सांगितलं. त्यावर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिली म्हणजे आता कुणाची?" अंगठीही लिहिली. कंगवा, छत्री, बाबांच्या नावावरच्या घरातली माझी झोपायची गादी, असं करत यादी पूर्ण व्हायला दुपारचे तीन वाजले. तोपर्यंत मला भूक लागली होती आणि रागही आला होता. बाईंनी डबा उघडला, अर्धी भाजी माझ्या पुढ्यात ठेवली आणि उद्यापासून यायला सांगितलं.

त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक नवशिक्याने ही यादी केली आहे. आज आमच्यातले काही जण मोठमोठ्या कचेऱ्यांत आहेत. भेटलो की आम्ही एकमेकांना ‘तुझं काय राहिलं होतं?’ असं विचारतो. प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलंच असतं.

ज्यांना कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. दावा लावायचा तर आधी कोर्टाची फी भरावी लागते आणि जागेच्या किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यात ती चांगलीच जड असते. ज्याच्याकडे ती भरण्याची ऐपत नाही, त्याला कायद्याने एक दार ठेवलं आहे. त्याने स्वतः कोर्टापुढे हजर राहून अर्ज करायचा, आपल्याकडे असलेल्या एकूण एक मिळकतीची यादी शपथेवर द्यायची, कोर्ट चौकशी करतं आणि पटलं तर फी न घेता दावा दाखल करून घेतं. जुने वकील याला अजून ‘पॉपर’चा, म्हणजे कंगालाचा, अर्ज म्हणतात. बाईंसमोर कुणी तो शब्द वापरला तर त्या ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. यादीत काही लपवलेलं निघालं, तर मात्र ते दार तोंडावर बंद होतं. म्हणजे माणसाचं सगळं त्या यादीवर असतं.

बाईंनी चाळीसेक वर्षं प्रामुख्याने हेच काम केलं. ज्या कामात नाव नाही, पैसा तर नाहीच नाही, आणि ज्यातलं यश म्हणजे दाव्याची नुसती सुरुवात, असं काम आयुष्यभर करायला काय लागतं ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. मी फक्त थक्क होऊन बघत आलो आहे.

त्यांची पद्धत अशी की यादी कार्यालयात बसून करायची नाही. अशिलाच्या घरी जायचं, जमिनीवर बसायचं आणि एकेक वस्तू डोळ्यांनी बघून लिहायची. कायद्याने भांडीकुंडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं ऐपतीत धरायची नसतात. तरी बाई ती लिहायच्याच. त्यांचं म्हणणं असं की, काय वगळायचं ते कोर्ट ठरवेल, आपण कोण? घाटकोपरला एका शिंप्याच्या घरी त्यांनी कात्रीपासून मेजरटेपपर्यंत सगळं लिहिलं, तेव्हा त्याची बायको लाजून कोपऱ्यात उभी होती. एवढंसं तर आहे, काय लिहिता, असं ती पुटपुटली. बाई म्हणाल्या की, एवढ्याशावर तीन पोरं शिकवलीत, ते नको का कुणाला कळायला? ती मग स्वतःहून फळीवरचे डबे काढून दाखवू लागली.

आणखी एक गोष्ट सांगतो. चौकशीच्या तारखेला लोक मुद्दाम फाटके कपडे घालून येतात. शेजारीपाजारी सल्ला देतात ना, की जरा गरीब दिसा. एकदा एक रिक्षावाले गृहस्थ असेच भोकं पडलेला शर्ट घालून आले. बाईंनी त्यांना कोर्टाच्या फाटकावरून परत पाठवलं. म्हणाल्या, इस्त्रीचा शर्ट घालून या, तारीख पुकारली तर मी सांभाळते, तुमची ऐपत कागदावर लिहिली आहे, ती अंगावर मिरवायची गरज नाही. गृहस्थ धावतपळत घरी गेले आणि लग्नातला सफारी घालून आले. तो इतका तंग झाला होता की साक्षीला उभे असताना त्यांना श्वास घेता येईना. बाईंना हसू आवरलं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. अर्ज मंजूर झाला.

आता बाईंच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथातला गौरवलेख आहे म्हणून त्या देवता आहेत असं मी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर त्याच फाडतील. त्या भयंकर रागीट आहेत. कागदाची एक बाजू कोरी सोडली तर दिवसभर बोलतात. रिक्षावाल्यांशी त्यांची भांडणं मी मध्ये पडून सोडवली आहेत. चहात साखर कमी पडली तरी त्यांना चालतं, पण तारीख एक दिवस चुकली तर माणसाचं काही खरं नसतं. अशा बाई आयुष्यात एकदा गप्प राहिल्या. ती हकीकत सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

मी त्यांच्याकडे लागून जेमतेम वर्ष झालं होतं. जोगेश्वरीचे विश्राम घाडी तेव्हा आमच्याकडे आले. वडील कापडगिरणीत होते, स्वतः विश्रामकाका मुलुंडला एका लहान कारखान्यात प्रेसवर काम करून निवृत्त झाले आणि मग एका सोसायटीत वॉचमन म्हणून उभे राहायचे. चाळीतली एक खोली एवढाच त्यांचा संसार. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा काका आईच्या शेवटच्या दुखण्यात आठ महिने गावी होते. परत आले तर नव्या घरांच्या यादीत त्यांचं नाव नाही. त्यांची खोली भलत्याच्याच नावावर दाखवलेली. काका आणि काकू बहिणीच्या घरी पोटमाळ्यावर राहत होते. इमारत पूर्ण होत आली होती, चाव्या वाटायला फार दिवस उरले नव्हते. दावा लावणं भागच होतं, पण त्याची फी इतकी की ती भरायला काकांना तीच खोली विकावी लागली असती. म्हणजे सगळं अर्जावर आलं.

नेमकं त्याच आठवड्यात बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी घराबाहेर पडू दिलं नाही. म्हणून यादी करायला मी एकटा गेलो. पोटमाळ्यावर वाकून बसत मी सगळं लिहिलं. निघताना बाईंनी सांगून ठेवलेला प्रश्न विचारला, गावी काय आहे?

काका म्हणाले, "गावाक घर आसा, थोडी भरड आसा. पण ता काय माजा नाय. घराण्याचा."

भरड म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. सातबाऱ्यावर नाव आहे का, हेही मी विचारलं. असात, सगळ्यांचीच आसत, असं ते म्हणाले. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. सातबारा मागवायचा म्हणजे गावच्या तलाठ्याकडे खेपा, म्हणजे पंधरा दिवस गेले. शिवाय त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की ते आपलं नाही, की मलाही ते पटलं. कोकणातल्या कुणालाही विचारा, गावच्या घराला कुणी मिळकत म्हणत नाही. मी स्वतः तिकडचाच. तेव्हा मला ही चूक वाटलीच नाही.

बाई आठ दिवसांनी काळा चष्मा लावून आल्या. यादी मी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं की, गावाकडचं विचारलंस? मी म्हटलं, विचारलं बाई, काही नाही. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

चौकशीच्या दिवशी बिल्डरचे वकील उठले आणि त्यांनी सातबाऱ्याचा उतारा शांतपणे पुढे ठेवला. अर्जदाराच्या नावे सिंधुदुर्गात घर आहे, जमीन आहे, त्याने शपथेवर खोटं सांगितलं आहे, अर्ज फेटाळावा. न्यायाधीशांनी काकांकडे पाहिलं. काकांना काय झालं ते कळेना, ते हात जोडून उभे राहिले. बाई काकांकडे वळल्या आणि हळूच विचारलं की, हे तुम्ही आमच्याकडे सांगितलं होतं का? काका म्हणाले, "सांगितलंय तर. पयल्याच दिवशी."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्या न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "अर्जदाराने काहीही लपवलेलं नाही. त्यांनी माहिती दिली होती. ती यादीत घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. मला दुरुस्तीसाठी आठ दिवस द्यावेत."

‘आमच्या ज्युनियरकडून’ हे दोन शब्द त्या म्हणू शकल्या असत्या. ते खरंही होतं. मी मागेच बसलो होतो, उठून उभा राहू शकलो असतो. मी उठलो नाही. न्यायाधीशांनी आठ दिवस दिले.

त्याच संध्याकाळी बाईंनी मला तिकिटं काढायला सांगितलं. डोळा नीट व्हायचा होता, बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं, असं त्यांनी सांगितलं. काका पुढच्या सीटवर, आम्ही मागे. एसटीतल्या त्या सगळ्या प्रवासात बाई माझ्याशी बोलल्या त्या फक्त पाण्याची बाटली मागायला. मी वाट बघत होतो की आता बोलतील, आता झापतील. त्यांनी झापलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तलाठ्याच्या कचेरीत बाई काळा चष्मा लावून बाकावर बसल्या आणि मला सातबाऱ्यावरची नावं मोठ्याने वाचायला सांगितली. बेचाळीस नावं होती. मी एकेक वाचत गेलो आणि बाई प्रत्येक नाव पुटपुटत मोजत गेल्या. मग आम्ही घरी गेलो. कुडाच्या भिंती, एक पडवी, बाहेर फणस. काकांच्या चुलतभावाला बसवून बाईंनी पुन्हा सगळी नावं घेतली आणि कोण कुठे आहे ते लिहून घेतलं. हो बोरिवलीक, हो घाटकोपराक, ही लगीन होऊन गोव्याक, आणि हे सात वर गेले, असं तो सांगत होता. मध्येच त्याने विचारलं की, बाय, घर इकतात की काय? बाई म्हणाल्या की, नाही हो, उलट ते विकता येत नाही हेच लिहायला आले आहे. तो माणूस इतका खूश झाला की त्याने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या तारखेला दुरुस्त यादी दाखल झाली. तिच्यात शेवटची ओळ होती: वडिलोपार्जित घर व भरड जमीन यांत बेचाळीस सहहिस्सेदारांपैकी एक, वाटणी झालेली नाही. न्यायाधीशांनी काकांना साक्षीला बोलावलं आणि स्वतः विचारलं की, तुमचा वाटा आहे, हे तुम्हाला माहीत होतं ना?

काकांनी थोडा विचार केला. म्हणाले, "सायबानू, माजो वाटो म्हणजे काय, गणपतीत गेलंय तर पंगतीत माका पाट मिळता. तेवढोच. तो पाट इकून फी कशी भरू?"

बिल्डरचे वकीलही खाली बघत होते. अर्ज मंजूर झाला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नये असाही हुकूम मिळाला. काका कोर्टाबाहेर येऊन बाईंच्या पाया पडायला वाकले, बाईंनी त्यांना वरच्यावर धरलं आणि वॉचमनच्या पाळीला उशीर होईल म्हणून हाकलून दिलं.

त्या हुकमात एक वाक्य होतं. अर्जदार प्रामाणिक आहे, मात्र त्याच्या वकिलांनी यादी करताना गंभीर निष्काळजीपणा केला आहे. ज्या बाईंनी मला चपला लिहायला लावल्या, त्यांच्याबद्दल हे वाक्य. बार रूममध्ये त्याची चर्चा झाली. काहींना गंमत वाटली, म्हातारपण आलं असंही कुणी म्हणालं. नवीन वकिलांना हेच काम शिकवण्यासाठी एक समिती होणार होती. तिच्यावर बाईंचं नाव जाणार हे सगळे धरून चालले होते. ते गेलं नाही. बाईंनी सांगितलं की, बरं झालं, गुडघे दुखतात, तेवढे जिने वाचले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय केलं? बोरिवलीच्या एका नव्या अशिलाचा पत्ता माझ्या हातात दिला आणि यादी करायला पाठवलं. एकट्याला. मी दारात घुटमळलो, तर म्हणाल्या की, गिरणी सुरू व्हायच्या आत निघ, नंतर ऐकू येत नाही. त्या घरी मी पाच तास बसलो. परतल्यावर बाईंनी यादी न वाचताच सही केली. त्या सहीने मी जेवढा घाबरलो तेवढा आजवर कुठल्याही न्यायाधीशाला घाबरलेलो नाही.

विश्रामकाकांच्या दाव्याला पुढे बरीच वर्षं लागली, पण खोलीच्या जागी घर मिळालं. सहाव्या मजल्यावर, कोर्टाच्या हुकमाने, त्यांच्याच नावावर. फी सरकारने हरलेल्याकडून वसूल केली. वास्तुशांतीला बाईंना मानाने बोलावलं होतं. काकूंनी त्यांना ओटी भरून खण दिला. काका सगळ्या पाहुण्यांना सांगत होते की, ह्या बायने माझ्यापायी कोर्टात बोलणी खाल्ली. मी तिथेच उभा होतो, हातात शिऱ्याची बशी घेऊन. तेव्हाही मी बोललो नाही.

पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला पत्र पाठवलं. त्यात ‘बाईंच्या निष्कलंक कारकिर्दीविषयी’ लिहावं असं होतं. तो शब्द वाचला आणि मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. शेवटी मी हे सगळं लिहून काढलं आणि मुलुंडला बाईंच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी भिंग घेऊन सावकाश वाचलं. एक शुद्धलेखनाची चूक काढली. मग विचारलं की, विश्रामला विचारलंस का? मी सांगितलं की, विचारलं, सगळं कबूल केलं. काका हसले आणि म्हणाले की, माका तेवाच समाजला होता.

"मलाही," बाई म्हणाल्या. "ही गोष्ट काढून टाक. माझ्या यादी करायच्या पद्धतीवर लिही."

मी विचारलं की, बाई, तेव्हा तुम्हाला राग आला नव्हता?

"आला होता. गावापर्यंत बारा तास आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी भिंग पुसलं. "तुझं नाव घेतलं असतं तर तू वकिली सोडली असतीस. आणि मला तेव्हा दुसरा कुणी ज्युनियर मिळत नव्हता." मग म्हणाल्या, "ही माणसं आपल्या भरवशावर शपथ घेतात, नितीन. त्यांची शपथ मोडली तर भरवसा देणाऱ्याने उभं राहायचं. यात सांगण्यासारखं काय आहे?"

मी त्यांच्या पाया पडलो. त्या नको नको म्हणत होत्या. घरी येऊन मी पुष्कळ विचार केला आणि आयुष्यात प्रथमच त्यांचं ऐकलं नाही. गोष्ट काढली नाही.

कोर्टाचा हुकूम मला बदलता येत नाही. तो नोंदीत आहे आणि राहील. पण हा ग्रंथही लोक कपाटात जपून ठेवतील, तेव्हा दुरुस्ती इथे करतो. त्या हुकमात जिथे ‘अर्जदाराच्या वकिलांनी निष्काळजीपणा केला’ असं म्हटलं आहे, तिथे ‘नितीन पेडामकर याने माहिती दडवली आणि आपल्या वकीलबाईंशी खोटं बोलला’ असं वाचावं.

बाईंना शंभर वर्षांचं आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे साथ देवोत, आणि रिक्षावाल्यांशी भांडायची ताकद शेवटपर्यंत टिको. अशी माणसं गेल्यावर मग आपण खरं बोलतो. मला ते त्यांच्या हयातीत, त्या वाचू शकतील तेव्हा, बोलता आलं. एवढ्यासाठीच त्यांनी इतकी वर्षं मला दिली, असं मी समजतो.

ॲड. नितीन पेडामकर
घाटकोपर